गावंडे सरांचा डावा पाय

गावंडे सर कुणाला ‘कसे आहात’ असं विचारत नसत. फाटकाशी कुणी आलं की ‘काय तक्रार?’ असं विचारत. तक्रार स्कूटरची असो, गुडघ्याची असो की नळाला पाणी न येण्याची, प्रश्न तोच. समोरचा सांगू लागला आणि दुसऱ्याच वाक्यात त्यानं ‘म्हणजे बहुतेक कार्बोरेटर साफ करावा लागेल’ असं म्हटलं, की सर हात वर करून त्याला थांबवत. म्हणत, ‘‘तक्रार सांग. इलाज सांगू नोको.’’

अमरावतीत रुक्मिणीनगरात आमची घरं समोरासमोर होती. सर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गाचे निदेशक होते. मी राहायला आलो तेव्हा ते निवृत्त झालेले होते. पत्नी आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. अंगावर मात्र अजूनही वर्गातला खाकी शर्ट असे, धुऊन कडक इस्त्री केलेला. खिशात पेन नसे, एक छोटी टॉर्च असे. ते सकाळी माझ्या दारातून पेपर उचलत, उभ्या उभ्या वाचत आणि मी वार्ताहर म्हणून लिहिलेली बातमी असली की तिच्यावर बोट ठेवून विचारत, ‘‘ह्याच्यात तक्रार कोनाची हाय? तुही का लोकायची?’’ उत्तराची वाट पाहत नसत. पेपर घडी करून परत ठेवत.

त्यांच्या अंगणात पांढरी अँबेसिडर उभी असे. जुनी, डिझेलवर चालणारी, मागच्या चाकांना ओढ देणारी. ही गाडी ते दुसऱ्या कुणाला चालवू देत नसत. चालवणं दूरच, चालकाच्या सीटवर बसूही देत नसत. एका क्लचला एकच पाय लागला पाहिजे, दोन पाय लागले की तो कुणाचाच राहत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. शास्त्राच्या दृष्टीनं यात किती तथ्य होतं, ते मला सांगता येणार नाही. पण त्यांचे विद्यार्थी हा नियम पाळत. सलीम हा त्यांचा जुना विद्यार्थी. चित्रा चौकाच्या पुढे त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, हाताखाली कारागीर आहेत. सरांची गाडी त्याच्याकडे गेली आणि सर आजूबाजूला नसले, तर तो ती चार माणसं लावून ढकलत, गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर नेई. सीटवर बसत नसे.

गाडी चालवताना सर डाव्या पायातली चप्पल काढून ठेवत. उजवी पायात असे. वर्गातही मुलांकडून ते हेच करवून घेत. पहिल्या दिवशी एकेकाला सीटवर बसवत, डावा बूट आणि मोजा काढायला लावत, डोळे मिटायला सांगत आणि क्लच दाबून सोडायला लावत. प्लेट कुठे पकडते ते मुलानं तळपायानं सांगायचं. कानानं सांगणाऱ्याला ते परत रांगेत पाठवत. हे सलीमनं मला सांगितलं. त्यानं अजून एक गोष्ट सांगितली. सरांचा वर्गातला पक्का नियम होता की तक्रार करणारा आणि ती तपासणारा एकच माणूस असू नये. गिऱ्हाइकानं पेडल जड आहे म्हटलं, तर आधी आपण बसून दाबून पाहायचं, मग पान्याला हात लावायचा. आमच्या धंद्यातही नियम साधारण हाच आहे.

गल्लीच्या टोकाला एक वकील राहत. त्यांच्या नव्या गाडीची क्लचप्लेट दुसऱ्यांदा जळाली तेव्हा ते संतापून सरांकडे आले. कंपनीवर दावा ठोकायचा होता, सरांनी तज्ज्ञ म्हणून लिहून द्यावं अशी अपेक्षा होती. सर त्यांच्या शेजारी बसले, बडनेरा रोडला एक चक्कर मारून आले.  उतरल्यावर म्हणाले, ‘‘वकीलसाहेब, क्लचले काई झालं नाई. तुमी त्याच्यावर पाय ठेवून अशिलाची वाट पाहता.’’ वकील काही दिवस बोलले नाहीत. मग पाय उचलायला शिकले आणि स्वतःच हा किस्सा बार रूममध्ये सांगू लागले. गाडीतला सगळ्यात कच्चा पार्ट सीटवर बसतो, हे सरांचं वाक्य वकिलांमुळेच गावभर झालं.

दर गुरुवारी सर अकोल्याला जात. त्यात खंड पडल्याचं मला आठवत नाही. तिथे त्यांचा धाकटा भाऊ मनोहर राहायचा. मनोहर पूर्वी संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे होता. वरूड, शेंदूरजनाघाट, तिकडचे सगळे बगीचे पायाखाली घातलेला माणूस. घरी फक्त झोपायला येतो, अशी त्याच्याबद्दल तक्रार असे. एका हंगामात भरलेल्या ट्रकवरून तो पाठीवर पडला. कमरेखालचं सगळं गेलं. बायको शालिनी अकोल्यात शाळेत शिक्षिका होती, म्हणून बिऱ्हाड अकोल्याला हललं आणि मनोहर जठारपेठेतल्या एका खोलीत पलंगावर पडला तो पडलाच.

सर सकाळी निघत. मूर्तिजापूरला चहा घेत. सोबत अमरावतीचा गिला वडा बांधून नेलेला असे, तो मनोहरच्या हातात ठेवत. मग स्वतः भावाची दाढी करत. दाढी झाली की शेजारच्या दोघांना हाक मारून मनोहरला उचलत आणि अँबेसिडरच्या मागच्या सीटवर आडवा करत. त्या गाडीची मागची सीट सलग, सोफ्यासारखी. दार रुंद, उंची अशी की उचलून आणलेला माणूस वाकवावा लागत नाही, नुसता आत सरकवता येतो. डोक्याशी शाळेतून आलेली शालिनी बसायची. मग शहराबाहेर, कधी बाळापूरच्या बाजूला, कधी बोरगाव मंजूच्या पुढे, जिकडे मनोहर म्हणेल तिकडे. तो पडल्या पडल्या काचेतून झाडांचे शेंडे बघायचा आणि शेत कोणाचं, पीक कसं, ते सांगायचा. आठवड्यात घराबाहेरचं एवढंच त्याला दिसे.

शालिनी सरांसमोर डोक्यावर पदर घेऊन असायची. भासऱ्यापुढे, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे, कसं वागायचं याचे जुने नियम तिनं नोकरी करूनही सोडले नव्हते. सरांशी थेट बोलत नसे, मनोहरमार्फत बोलायची. ‘दादाले विचारा, चहा ठेवू काय,’ असं ती मनोहरला सांगे, आणि सर तिथेच दोन हातांवर बसलेले असत. पुढच्या सीटवर ती कधी बसली नाही.

एका हिवाळ्यात सरांच्या तोंडून मी पहिल्यांदा त्यांच्या गाडीची तक्रार ऐकली. क्लच जड लागतो म्हणाले. गियर टाकताना घासल्याचा आवाजही येऊ लागला होता. आवाज मीही ऐकला. सकाळी गाडी फाटकातून बाहेर निघताना पहिला गियर कुरकुरत पडायचा, आणि सरांच्या गाडीतून तसा आवाज येणं म्हणजे गल्लीत बातमी होती. वकील मला हळूच म्हणाले, आता कंपनीवर दावा ठोकायची पाळी सरांची.

सरांनी रीतसर सुरुवात केली. पेडलपासून क्लचपर्यंत जोर तेलाच्या नळीतून जातो. आधी तिकडचे दोन्ही सिलिंडर खोलले, रबरं बदलली, हवा काढली, सांध्यांना ग्रीस दिलं. पेडल जडच राहिलं. मग गाडी सलीमच्या खड्ड्यावर गेली. क्लच बदलायचा ठरला.

त्या दिवशी मी काही वेळ तिथे होतो. मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट आधी सोडवला, इंजिनाला खालून ठोकळ्याचा टेका दिला आणि गियरबॉक्स दोघांनी मिळून सरकवत मागे घेतला. सर खड्ड्यात उभे राहून टॉर्च धरत होते. कारागीर नवे होते, त्यांच्यासाठी ते वर्गात बोलल्यासारखे बोलत होते. बोल्ट एकदम सोडायचे नाहीत, समोरासमोरचे थोडे थोडे सोडायचे, नाहीतर प्रेशरप्लेट वाकडी होते. असं सगळं.

क्लचप्लेट बाहेर आली. सलीमनं ती फडक्यानं पुसली, उलटसुलट केली.

‘‘सर, प्लेट तं अजून चालते,’’ तो म्हणाला.

सरांनी ती हातात घेतली. टॉर्चच्या उजेडात कडा पाहिल्या, अंगठ्यानं अस्तराची जाडी चाचपली. मग म्हणाले, स्प्रिंगा कडक झाल्या असतील, प्रेशरप्लेटही बदल, बेअरिंगही बदल, सगळंच नवं टाक.

सलीमनं नंतर मला सांगितलं की सरांच्या वर्गात याच जागी थांबायला शिकवत. खोललेला पार्ट चांगला निघाला तर पुढे जायचं नाही. परत वर या, परत तक्रार विचारा. त्यानं तसं बोलूनही दाखवलं असतं. पण तक्रार करणारे सर होते आणि तपासणारेही सरच होते. पेडल दाबून पाहायचं तर त्या सीटवर बसावं लागलं असतं. ते त्याच्याच्यानं झालं नाही. सर ‘फिट कर’ म्हणाले, त्यानं फिट केलं.

खड्ड्याच्या पायऱ्या चढताना सरांचा डावा पाय दुमडला. सलीमनं दंडाला धरलं. बराच वेळ उभं राहिल्यानं मुंग्या आल्या, असं सर म्हणाले.

नव्या क्लचनं ते पुढच्या गुरुवारी अकोल्याला जाऊन आले. आल्यावर मी फाटकात होतो. क्लच कसा आहे विचारलं, तर त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. त्या दिवशी गाडी आत घेताना गियर पूर्वीपेक्षा जास्त घासला.

त्यानंतरच्या एका सकाळी ते माझ्या दारात आले. पेपर उचलला नाही.

‘‘पत्रकार, जरा ये.’’

मी त्यांच्यामागून अंगणात गेलो. त्यांनी गाडीचं चालकाकडचं दार उघडलं आणि बाजूला झाले. कुठे बसू, हे मला कळेना. त्यांनी सीटकडे हात केला. बसलो. डावी चप्पल काढायला सांगितली, काढली. क्लच पूर्ण दाब म्हणाले, दाबला. सोड म्हणाले, सोडला. असं काही वेळा झालं. ते पेडलकडे बघत नव्हते. माझ्या गुडघ्याकडे बघत होते.

‘‘कसा हाय?’’

‘‘हलका आहे, सर.’’

‘‘तुह्या ऑफिसच्या गाडीहून?’’

‘‘तिच्याहून थोडा जड असेल. पण हलकाच.’’

त्यांनी दाराची वरची कड धरली.  मग खिशातून फोन काढून सलीमला बोलावून घेतलं.

सलीम आला, पण बसायला तयार होईना. सरांनी दुसऱ्यांदा सांगितल्यावर बसला. पेडल एकदा दाबलं आणि लगेच पाय काढून घेतला. सरांच्या तोंडाकडे पाहून म्हणाला, ‘‘नवीन प्लेट हाय, सर. जराशी कडक लागतेच. चालवून चालवून सेट होईन.’’

‘‘खोटं नोको बोलू सलीम. वर्गात तुले हेच शिकोलं काय मी?’’

सलीमनं मान खाली घातली. स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

‘‘एक पार्ट चेक कराचा राह्यला होता,’’ सर म्हणाले.

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून आजाराचं नाव सांगितलं. स्नायूंना हलवणाऱ्या नसा मरत जातात. सरांच्या बाबतीत सुरुवात डाव्या पायापासून झाली होती, तिथून ते वर चढणार होतं, आणि त्यावर औषध नव्हतं. पेडल दाबण्यापुरतं बळ पायात राहिलं नव्हतं, क्लच अर्धाच दाबला जाई, म्हणून गियर घासत होता. परत आल्यावर वकिलांनी काळजीनं विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. सर म्हणाले, लाइन गेली आहे, पार्ट मिळत नाही. वकील हसले नाहीत.

आजाराबद्दल सर त्यानंतर फारसं बोलले नाहीत. बोलले ते गुरुवारबद्दल. पहिला गुरुवार चुकला तेव्हा ते दिवसभर अंगणात गाडीजवळ खुर्ची टाकून बसले होते. दुसऱ्या गुरुवारी शालिनीनं अकोल्यात एक भाड्याची गाडी बोलावली. नवी गाडी, पण बुटकी. दार अरुंद, छत खाली, मागची सीट दोन खोलगट भागांत विभागलेली. मनोहरला त्यात कोंबताना पाठीची कातडी सोलवटली. अर्ध्या रस्त्यातून परत आणलं. ‘मी हतीच बरा’, इथेच बरा, असं म्हणून तो भिंतीकडे तोंड करून पडला. पुन्हा कुणी बाहेर न्यायचं नाव काढलं की उत्तर देत नसे. हे शालिनीनं सरांना फोनवर स्वतः सांगितलं. मधे मनोहर नव्हता. ती सरांशी अशी थेट बोलल्याची ती पहिलीच वेळ असावी.

सरांनी फोन ठेवला आणि सलीमला निरोप धाडला की गाडी अकोल्याला पोचवायची आहे. सलीमनं विचारलं, कोण चालवणार. ‘‘तू,’’ सर म्हणाले. सलीमनं ती चालवत नेली. शेजारी सर बसले होते. वाटभर ते त्याला एकदाही चूक दाखवून बोलले नाहीत. याचंच वाईट वाटलं, असं सलीम म्हणाला.

अकोल्यात राहून त्यांनी शालिनीला गाडी शिकवली. शाळेमागच्या मैदानावर, सकाळी, तिची शाळा भरायच्या आधी. ती चालकाच्या सीटवर, शेजारी भासरे. पहिल्या दिवशी डोक्यावरचा पदर सारखा सरकत होता आणि ती एका हातानं तो सावरत होती. सर बाहेर बघत म्हणाले, ‘‘शालिनीबाई, पदर खोसा. दोन्ही हात लागतात.’’ तिनं पदर कमरेला खोचला. तो विषय तिथे संपला.

सरांना पायानं काही करून दाखवता येत नव्हतं. ते बोलून शिकवत. पाय हळू सोडा, आता थांबा, इथे इंजिनाचा आवाज खाली बसतो, तो ऐका. तिला तो ऐकू येईना. गाडी पुन्हा पुन्हा गचका खाऊन बंद पडायची. मागच्या सीटवर मनोहर आडवा असे. त्यालाही सोबत न्यायचं, हा सरांचाच हट्ट होता. तो म्हणायचा, ‘‘दादा, माह्यं तं कधी आयकत नाई ते. तुह्यं बरं आयकून राह्यली.’’ त्यावर ती, ‘‘तुमी गप पडा जी.’’

एका सकाळी ती म्हणाली, ‘‘दादा, मले आवाज नाई समजत. पायाले समजते.’’

 ‘‘मंग तेच बरोबर हाय,’’ सर म्हणाले.

गुरुवार पुन्हा सुरू झाला. सर अमरावतीला परतले नाहीत. मनोहरच्या खोलीत त्यांच्यासाठी दुसरा पलंग पडला. आता शालिनी शाळा, स्वयंपाक आणि दोन माणसांचं सगळं करत होती, आणि गुरुवारी दोघांनाही बाहेर नेत होती. सरांचा दुसरा पाय गेला. मग आवाज बारीक होत गेला. हात मात्र बरेच दिवस शाबूत होते. तोवर भावाची दाढी ते पलंगावर बसून करत. पावसाळ्याच्या तोंडावर सर वारले. अमरावतीच्या अंकात चार ओळींची बातमी आली. ती मी लिहिली. गाडी अजून अकोल्यातच आहे.

त्याआधी उन्हाळ्यात मी त्यांना शेवटचं पाहिलं. कामासाठी अकोल्याला गेलो होतो, योगायोगानं गुरुवार होता. त्यांच्यासोबत मीही चक्कर मारून आलो. परत येताना त्यांनी मला बसस्टँडसमोर सोडलं. मी पुढच्या सीटवरून उतरलो आणि मागच्या दाराच्या काचेशी जाऊन उभा राहिलो. काच खाली केलेली होती. मनोहर सीटवर आडवा होता, त्याचे पाय सरांच्या मांडीवर होते. सर त्याच बाजूच्या दाराशी टेकून बसले होते. बोलायला त्यांना श्रम पडत होते, म्हणून मी काही विचारलं नाही. ऊन फार होतं. मागून रिक्षावाले हॉर्न वाजवत होते.

शालिनीनं इंजिन सुरू केलं.

सरांनी हात उचलून मनोहरच्या डाव्या गुडघ्यावर ठेवला. तिनं क्लच दाबला तसा त्यांनी गुडघा दाबला. सावकाश, तळापर्यंत. मग तिच्या बरोबरीनं हळूहळू हात सैल सोडू लागले.

मनोहर पाहत होता. ‘‘दादा,’’ तो म्हणाला, ‘‘तती मले काईच कळत नाई.’’

‘‘मले मालूम हाय,’’ सर म्हणाले.

हात त्यांनी काढला नाही. पहिला गियर आवाज न करता पडला होता. गाडी गचका न खाता निघाली, रिक्षांमधून वाट काढत पुढे गेली, आणि दुसऱ्या गियरच्या वेळी त्यांचा खांदा पुन्हा जरासा खाली झुकलेला मला मागच्या काचेतून दिसला.